मंजू, नारळ मी उचलला होता

मंजू,

तुला पुरून आज अठरा दिवस झाले. तुमच्या मंडळीतल्या लोकांनी कागदावर "प्रभूमध्ये झोपी गेली" असं छापलं होतं. झोपलेल्या माणसाला उठवून जाब विचारता येतो. तुला येत नाही, म्हणून लिहायला बसले.

रडलीस का, असं सगळे विचारतात. रडले. रोह्याला रडले, परत येताना एसटीत नागोठण्यापर्यंत रडले. मग शेजारच्या बाईला वाटलं मला गाडी लागते आहे, तिनं गोळी पुढे केली, तेव्हा थांबले. रडणं तिथंच संपलं. राग मात्र आहे. सव्वीस वर्षांचा आहे, तुझ्याबरोबर तो काही पुरला गेला नाही.

मला तुझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. "ताई, त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं." इतकंच. माफी नको होती, पायावर पडणं नको होतं. एक वाक्य. ते तू दिलं नाहीस आणि आता देणार नाहीस.

तो दिवस तुला आठवत होता हे मला माहीत आहे. मला कसा आठवतो ते आता ऐक.

माझ्या हळदीला आठ दिवस होते. मी सव्वीस वर्षांची, म्हणजे आपल्या पेणच्या खारेपाटात लग्नाच्या मुलींत आजीच. आई गेली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तुझ्या वेण्या, तुझी शाळा, बाबांचा मिठागरावरचा डबा, यात माझी दहा वर्षं गेली. तू बारावी झालीस, रोह्याला कंपनीत पॅकिंगला लागलीस, कंपनीतल्या सुशीलाबरोबर खोली घेऊन राहायला लागलीस, तेव्हा कुठे माझं ठरलं. मुलगा आपल्याच गावचा, वरच्या आळीचा. मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

आणि गावातला एकजण, तुझ्याच कंपनीत दुसऱ्या शिफ्टला होता, तो येऊन सांगून गेला की मंजुळा रविवारी ख्रिस्ती लोकांच्या हॉलमधून बाहेर पडताना दिसली. हातात त्यांचं पुस्तक होतं.

देवळात गावकी बसली. त्याच सकाळी मी तुला मागच्या पडवीत विचारलं होतं. लग्नासाठी रजा टाकून आलेली तू बोंबील साफ करत होतीस.

"काय गो, लोक बोलतात ते खरं हाय?"

तू मान वर केली नाहीस. "लोक काय बी बोलतात."

मला ते पुरलं. एका वाकळेत झोपलेल्या बहिणी आपण. तुझ्या अंगात ताप आहे हे तुला कळायच्या आधी मला कळायचं. मी मनात म्हटलं, नाही म्हणतेय. पुढे कितीदा तरी तू मला ऐकवलंस, "ताई, मी खोटं बोललेच नव्हते." बरोबर आहे. तू खोटं बोलली नाहीस. ते काम माझ्यावर सोडलंस.

गावाचा रिवाज तुला सांगायला नको, पण हे दुसरं कोणी वाचलं तर कळावं म्हणून लिहिते. वाद मिटत नसला की देवीपुढचा नारळ उचलायचा. उचलणारा जे बोलेल ते गावानं खरं धरायचं. मग तो नारळ देवीच्या पायाशी वर्षभर राहतो. त्या वर्षात उचलणाऱ्याच्या घरात काही वाईट घडलं नाही, तर शपथ खरी. घडलं, तर खोटी, आणि मग घर वाळीत. वाळीत म्हणजे विहिरीवर पाणी नाही, मिठागरावर बाबांशी कोणी बोलणार नाही, आणि माझ्या मांडवात कुत्रंसुद्धा येणार नाही.

हरीकाका तेव्हा मुख्य पंच. ते बाबांना म्हणाले, "धाकू, नारळ उचल आणि सांग, पोर बाटली नाय. विषय मिटला."

बाबा उठले आणि हात मागे घेऊन उभे राहिले. "मी दिवसभर मिठात. पोरगी रोह्याला. मला खरं म्हायती नाय, मी कसा उचलू?"

बायका पायऱ्यांखाली उभ्या होत्या, त्यांतून मी वर गेले. बाईमाणसानं गावकीत नारळ उचलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मी म्हटलं, "मला म्हायती हाय." आणि उचलला. "माझी बहीण बाटलेली नाय. देवीला साक्ष ठेवून बोलते." आवाज चांगला खणखणीत होता माझा.

खाली उतरताना तुझ्याकडे पाहिलं. तू खांबाला टेकून उभी होतीस आणि माझ्या हाताकडे बघत होतीस. मला वाटलं, अभिमानानं बघते आहे. किती मूर्ख होते मी.

लग्न झालं. तू माझ्या हळदीला नाचलीस, वरमाईची नक्कल करून सगळ्यांना हसवलंस. मी खूश होते. मग श्रावणात रोह्याला तुझ्या खोलीवर आले, मला दिवस राहिल्याचं सांगायला. तू खाली रॉकेलच्या रांगेत होतीस. सुशीलानं चहा केला. भली बाई, नगरकडची, तिच्या घरी तीन पिढ्या ख्रिस्ती, तिला लपवाछपवी कशाला माहीत असणार? ती सहज म्हणाली, "ताई, मंजूचा बाप्तिस्मा झाला ना, त्या दिवशी कुंडलिका नदीचं पाणी असलं गार, ही दातावर दात वाजवत होती."

मी विचारलं, "कधी?"

"गेल्या दिवाळीच्या आधी."

मला हिशेब करायला वेळ लागत नाही. दिवाळी आधी आली. देऊळ नंतर.

तू रॉकेलचा डबा घेऊन आत आलीस, माझं तोंड पाहिलंस आणि डबा दारातच ठेवलास.

"तू तिथं उभी होतीस," मी म्हटलं.

"व्हय."

"तोंड का नाय उघडलंस?"

"तुझ्या हळदीला आठ दिवस होते."

"मग सकाळी मला सांगायचं. पडवीत विचारलं होतं मी तुला."

"सांगितलं असतं तर तू नारळ उचलला असतास?"

"नाय."

"मग?"

मंजू, ते "मग?" मी अजून विसरले नाही. म्हणजे तू बोंबलांची डोकी उडवता उडवता सगळा विचार केला होतास. ताईला खरं सांगितलं तर लग्न मोडतं. नाही सांगितलं तर ताई शपथ घेते आणि सगळं ठीक होतं. ताईला विचारायचं मात्र तुझ्या मनात आलं नाही. मी लग्न मोडू दिलं असतं का? कदाचित दिलं असतं, कदाचित नसतं. पण ते ठरवणं माझं होतं.

वर तू आणखी म्हणालीस, "आणि आमच्यात शपथ घालूच नये, असं हाय."

"मग माझा हात धरायचा होतास देवळात," मी म्हटलं, आणि चहा तसाच टाकून एसटी स्टँडवर आले.

नारळाचं वर्ष संपायला आठ महिने बाकी होते. माझ्या पोटात मूल होतं. तुझा नवा देव नारळ मानत नसेल, मी मानत होते. पोटात दुखलं की नारळ. बाळ फिरलं नाही की नारळ. खाडीत वारा सुटला आणि तुझे भावजी होडी घेऊन बाहेर असले की नारळ. देवळात जायची आणि त्या नारळाकडे बघायचीही भीती, न बघायचीही. कोणाला सांगणार? सांगितलं तर शपथ खोटी. आज मी अंगणवाडीत बायकांना सांगते, बाईनं दिवसांत मन शांत ठेवावं. माझ्या तोंडून ते निघतं तेव्हा मला तूच आठवतेस.

फाल्गुनात रेश्मा झाली. धडधाकट. वैशाखात वर्ष संपलं, गाव म्हणालं शपथ खरी ठरली. हरीकाकांनी मला मुद्दाम बोलावून प्रसाद दिला. मी तो चोरासारखा घेतला.

दोन वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. बाबा आजारी पडले तेव्हा तू रजा टाकून आलीस, त्यांचं सगळं केलंस, आणि आपण पुन्हा बोलायला लागलो, म्हणजे "तांदूळ कुठं हाय" आणि "औषध दिलंस काय" इतकं. मग हळूहळू बाकीचंही. पण ते एक वाक्य नाही.

आणि खोटं मी एकदा बोलून सुटले असं वाटतं का तुला? गौरी-गणपतीला तू दरवर्षी यायचीस. हमरापूरहून मूर्ती आणायला तुझे भावजी जायचे, तू आदल्या दिवशीच येऊन घर धुवून काढायचीस. आरती सुरू झाली की तू स्वयंपाकघरात. "मोदकपात्रातलं पाणी आटंल," म्हणायचीस. शेजारची आनंदीकाकू एकदा सगळ्यांपुढे म्हणाली, "आमच्या मंजीच्या मोदकांना आरतीचीच येळ बरी सापडते गो." सगळ्या हसल्या. मी हसले आणि म्हटलं, तिचं डोकं दुखतं कापराच्या वासानं. पुढच्या वर्षी कंबर. त्याच्या पुढच्या वर्षी पाळी, आणि तुझी पाळी गेल्यावर पित्त. इतकी दुखणी मी तुला लावली की एका माणसात ती मावणार नाहीत. मी अंगणवाडीची बाई. माझ्या शब्दावर बायका लेकरांना डोस पाजायला आणतात. आणि त्याच तोंडानं मी वर्षानुवर्षं तुझं पित्त सांभाळलं.

एकदा मी तुला सरळच विचारलं होतं. तू कंपनी सोडून खानावळ काढली होतीस, तुझ्या खानावळीच्या मागच्या ओट्यावर बसलो होतो. "कशाला गेलीस गो तिकडं? कुणी आजारी नव्हतं, कुणी काय देत नव्हतं, कुणी ओढलं नाय."

तू हसलीस. म्हणालीस, सुशीलाचं पुस्तक जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं, नुसतं वेळ जावा म्हणून. त्यात येशू मेल्यावर उठून येतो. "मला वाटलं आता आभाळ फाटणार, गडगडाट होणार. तर हा बाबा पहाटेचा किनाऱ्यावर बसून निखाऱ्यांवर मासे भाजतोय. रात्रभर जाळी टाकून दमलेली माणसं येतात, त्यांना बोलतो, या, खाऊन घ्या. मी तिथंच बसून राहिले, ताई. भोंगा वाजला तरी उठले नाय."

मी म्हटलं, "एवढ्यावर? मासे तर आपल्याकडं रोज भाजतात."

"देव भाजतो काय?"

मला राग आला. खरा राग काय होता ते तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. आई गेल्यावर दहा वर्षं तुझ्यापुढे ताट कोणी ठेवलं? शाळेतून, शेतातून, दमून आलीस की "ये, खाऊन घे" कोण म्हणत होतं? मी म्हणत होते. त्याचं तुला काही नवल वाटलं नाही. पुस्तकातल्या माणसानं मासे भाजले तर तू भोंगा विसरलीस.

असो. तू माणूस चांगली झालीस हे मी नाकारत नाही. आधी तू फटकळ होतीस, आळशी होतीस, दुसऱ्याच्या वाटणीचा तुकडा उचलायचीस. तिकडे गेल्यावर ते गेलं. बाबा गेले तेव्हा तू विधींना हात जोडून बाजूला उभी राहिलीस, आणि तेरा दिवस सगळ्या गोतावळ्याचं जेवण एकटीनं केलंस. रेश्माला नर्सिंगला घालायला तुझे भावजी तयार नव्हते, तू येऊन त्यांच्याशी तीन तास भांडलीस आणि जिंकलीस. हे सगळं मान्य. पण हे सगळं करणाऱ्या बाईला एक वाक्य जड का व्हावं?

आता तुझ्या त्या दिवसाबद्दल.

पुरल्यानंतर हॉलमध्ये सभा होती. मला पुढच्या बाकावर बसवलं. सुशीला आता पांढरी झाली आहे, तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला पहिल्यांदा भेटतायत सगळे, पण ओळखतात बरं का. मंजूची साक्ष आम्हाला पाठ आहे."

मला साक्ष म्हणजे कोर्टातली माहीत. तिनं समजावलं, आपण विश्वासात कसे आलो, ते तुमच्यात उभं राहून सांगतात. तू दरवर्षी सांगायचीस. आणि दरवर्षी देवळातल्या त्या दिवसापाशी येऊन थांबायचीस.

सुशीलानं तुझे शब्द मला सांगितले. तू म्हणायचीस, किनाऱ्यावर ज्यांना मासे मिळाले त्यांत एक होता, त्यानं आधी तीनदा म्हटलं होतं की मी येशूला ओळखत नाही. मी तर ते स्वतःच्या तोंडानंही म्हटलं नाही. माझ्या बहिणीच्या तोंडानं म्हटलं. तिच्या पोटात बाळ असताना तिच्यावर ती भीती घातली. ते बाळ होईपर्यंत दर शुक्रवारी मी अन्नाला शिवले नाही.

हॉलमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, काहींचे डोळे भरले होते. त्यांना वाटलं असणार, बहिणीचं मन हलकं झालं.

मंजू, माझ्या अंगाची आग झाली. अनोळखी शंभर माणसांना तू ते वाक्य दरवर्षी देत होतीस. देवाला दिलंस. नगरकडच्या, महाडच्या, कुठल्या कुठल्या बायकांना दिलंस. पेणहून रोहा एसटीनं केवढंसं आहे? मला नाही दिलंस. उपास केलास, तोही लपवून. मला कळलं असतं की माझ्याबरोबर आणखी कोणीतरी दर शुक्रवारी घाबरून बसलं आहे, तर ते महिने मी एकटी नसते.

आणि तेव्हा मला तुझे मासे आठवले. मी रोह्याला कधीही आले, कळवून येवो की न कळवता, तू जिताडा आणायचीस. नसला तर निवट्या. खानावळीतल्या माणसांना डाळ-भात, मला तव्यावरचा जिताडा. "ये, खाऊन घे," म्हणायचीस आणि समोर बसून बघत राहायचीस. मी म्हणायचे, बघतेस काय, वाढ. आता कळलं तू काय करत होतीस ते. पण मला तुझं पुस्तक माहीत नव्हतं, मंजू. मला कसं कळणार की तुकडीत माफी आहे? मी मीठ कमी आहे म्हणून सांगत होते.

परत आले ती ठरवूनच आले. तुझ्यासाठी उचललेला नारळ मी जिवंतपणी खाली ठेवणार.

गेल्या रविवारी गावकी देवळाच्या पत्र्यासाठी बसली होती. मी नारळ घेऊन गेले. हरीकाका आता ऐंशीच्या पुढे आहेत, खुर्चीवर बसतात. तुझे भावजीही होते. मी देवीपुढे नारळ ठेवला आणि म्हटलं, "सव्वीस वर्षांपूर्वी मी इथं जे बोलले ते खोटं होतं. मंजुळा त्याच्या आधीच ख्रिस्ती झाली होती. शेवटपर्यंत होती. गावाला जो काय दंड करायचा तो करा."

मागून आनंदीकाकूचा आवाज आला, "म्हणून काय ते मोदक."

लोक हसले. हरीकाकांनी हात वर केला. म्हणाले, "आमाला म्हायती होतं गो."

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. पोरीचं तोंड बघितलं ना मी. खांबाला धरून उभी होती. पण हळद लागायची पोर नारळ घेऊन उभी राहिली, तिला खोटी पाडून लगीन मोडायचं होतं काय आम्ही? तू बोललीस, आम्ही मानलं."

मी विचारलं, "आणि नारळ? वर्षभर होता तो?"

"तो तुझा नव्हताच. तुझा मी त्याच सांजला खाडीत सोडला, दुसरा ठेवला. खोटा नारळ हळदीच्या पोरीच्या नावावर कशाला ठेवायचा?"

मी तुझ्या भावजींकडे बघितलं. ते पत्र्याकडे बघत होते. "तुमाला पण म्हायती होतं?"

"लगीन व्हायचं होतं ना," ते म्हणाले.

म्हणजे बघ. बाबांना शंका होती, पंचांना कळलं होतं, नवऱ्याला माहीत होतं, तुला तर माहीत होतंच. त्या दिवशी सगळ्या देवळात खरं न कळलेली मी एकटीच होते. सगळ्यांनी माझं भलं केलं, आणि एकानंही मला विचारलं नाही. आठ महिने मी दुसऱ्याच्याच नारळाला घाबरले.

मी माझा नारळ उचलून घरी आणला. हरीकाका म्हणत होते देवीला राहू दे, मी म्हटलं हिला पुरे झाले. फोडला, खवला, कालवणात घातला. आपल्या पेणच्या वाशी नाक्यावर जिताडा मिळाला होता. तुझ्या नावानं ताट वगैरे वाढलं नाही, ते तुमच्यात चालत नाही आणि मला जमत नाही. तुझ्या भावजींना वाढलं आणि स्वतः जेवले. बरं झालं होतं. मीठ बरोबर होतं.

सुशीला निरोप घेताना म्हणाली, ताई, आम्ही मानतो की पुन्हा भेट होते. मला त्यातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायचं माझं वय राहिलं नाही. पण तुझं खरं निघालं, आणि तुम्ही म्हणता तसा एखादा किनारा असलाच, तर मी येईन तेव्हा तू निखारे पेटवून बसली असशील, हे मला आत्ताच दिसतंय. मी हातपाय धुणार नाही, बसणार नाही. तू आधी बोलायचं.

मासे नंतर.

तुझी ताई